मुरायला वेळ कोणाकडे?



आपल्या लिंबायतमध्ये 'ड्राय' म्हटलं की एकच अर्थ: दारूबंदी. मुंबई राज्याचा १९४९चा कायदा १९६०मध्ये गुजरात वेगळा झाल्यावरही इथे कायम राहिला. वाइनवाल्यांच्या भाषेत मात्र 'ड्राय' म्हणजे गोडवा न उरलेली वाइन. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. साखर जवळजवळ संपली की वाइन ड्राय झाली.

या वेळी अशाच एका फ्रेंच वाइनची गोष्ट सांगतो. पिण्याची शिफारस अजिबात नाही. बाटलीपायी बुडालेली घरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण ही गोष्ट मुळात एका शेताची आहे, आणि शेत मागे ठेवून सुरतेला आलेल्या माणसाला ती लगेच कळेल.

फ्रान्सच्या पश्चिमेला लुआर नदीकाठी साव्हेनिएर नावाचं गाव आहे. तिथे 'कुले द सेराँ' हा द्राक्षमळा. ११३० साली मठातल्या ख्रिस्ती साधूंनी तिथे वेली लावल्या, आणि आजही त्या उतारावर द्राक्षंच आहेत. मळा सुमारे ७ हेक्टरांचा, म्हणजे साधारण १७ एकर. वाटण्या होण्याआधी खान्देशातल्या कितीतरी घरांकडे एवढी जमीन होती. आपल्याकडे तिचे तुकडे झाले. हा मळा आजही अख्खा एकाच कुटुंबाकडे आहे. १९३०च्या दशकात कुर्नोन्स्की या नामांकित खाद्यलेखकाने फ्रान्समधल्या पाच सर्वोत्तम पांढऱ्या वाइन निवडल्या, त्यांत इथली एक होती.

इथल्या द्राक्षाची जात शेनिन ब्लाँ. हिची चांगली ड्राय वाइन वीस-तीस वर्षंही टिकते. कशी? आपल्या घरातलं लोणचं आठवा. कैरी जितकी करकरीत आंबट, तितकं लोणचं टिकाऊ. शेनिनमध्ये आंबटपणा भरपूर असतो, तोच वाइनला सांभाळतो. बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. थंड, अंधाऱ्या तळघरात वर्षानुवर्षं ती मुरते. फिकट रंग सोनेरी होतो, ताज्या फळाचा वास मागे पडतो आणि मध, मेण, सुकवलेलं फळ असे वास येऊ लागतात.

हीच जात आपल्या नाशिकलाही आहे. राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची शेनिन ब्लाँ २०००च्या सुमारास बाजारात आली, आणि पुढे दिंडोरी, निफाडकडे वाइनच्या द्राक्षांचे मळे वाढले. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं, जसं आपल्या जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला मिळालं आहे. पण नाशिकची शेनिन बहुतेक वर्षा-दोन वर्षांतच पिऊन संपते. तिकडे वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी करावी लागते. द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. ऊन तापलं की साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. शिवाय वाइन वर्षानुवर्षं गार ठेवायची तर विजेचं बिल आलंच.

दुसरं कारण पैशाचं आहे. मुरत ठेवलेली बाटली म्हणजे अडकलेलं भांडवल. रिंगरोडच्या कापडबाजारात उधारी ज्याला झेपते तोच भावावर ठाम राहतो, तसंच हे. जुन्या बाटलीच्या किमतीत द्राक्षाचा वाटा थोडा. बरीचशी किंमत वाट बघण्याची असते. आणि वाट बघणं शेतकऱ्याला कधीच परवडलेलं नाही.

खायची द्राक्षं पडत्या भावात निघाली तर त्यांचे बेदाणे तरी करता येतात. वाइनची द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची. खायच्या बाजारात त्यांना कोण विचारतो? त्यांचं गिऱ्हाईक एकच, वायनरी. २००८नंतर मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पर्यटनही थंडावलं आणि वायनऱ्यांकडे माल पडून राहिला. तेव्हा करारावर बागा लावलेल्या अनेकांची द्राक्षं उचललीच गेली नाहीत. काहींनी जीव लावून वाढवलेल्या वेली उपटून टाकल्या.

म्हणून, तुमच्या भावकीत किंवा सासुरवाडीला कुणी वाइनची द्राक्षं लावायला निघाला असेल, तर फोनवर चार गोष्टी जरूर विचारा. करार लेखी आहे का आणि किती वर्षांचा? दर किती आणि तो साखरेच्या किती प्रमाणावर मिळणार? पैसे कोणत्या तारखेला? आणि मागणी पडली तर माल उचलायला वायनरी बांधील आहे का? तोंडी शब्दावर बाग लावू नका म्हणावं.

आणि सुट्टीत नाशिकचे मळे बघायला जाणाऱ्या पोरांनाही सांगून ठेवा: मळा बघा, फोटो काढा, पण येताना पिशवीत बाटली नको. नवापूर ओलांडलं की वाइनसुद्धा दारूच. पोलीस विचारतील तेव्हा ती फ्रेंच जातीच्या द्राक्षाची आहे, हे सांगून सुटका होणार नाही.