ज्ञानावरील जकात

जांबोटीच्या पलीकडे, भीमगडच्या रानात, तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तेथील एका वटवाघळाची जात शास्त्रास सर्वस्वी नवी आहे, असे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ऑल्डफिल्ड थॉमस यांनी 1913 साली जाहीर केले. हे वर्णन प्रसिद्ध झाले ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पत्रिकेत. वनखात्यातील अधिकारी राउटन यांचे नाव त्या प्राण्यास देण्यात आले. पुढे मेघालयात व कंबोडियात तो आढळेपर्यंत साऱ्या जगात त्याचे घर काय ते हेच, असा शास्त्रज्ञांचा दीर्घकाळ समज होता. वटवाघळास मुलकी हद्द ठाऊक नाही. ती ठाऊक असण्याचे दुर्दैव 1 नोव्हेंबर 1956 पासून आम्हा माणसांच्याच वाट्यास आले आहे.

थॉमस यांचे ते शतकापूर्वीचे टिपण आज बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर कोणासही फुकट वाचता येते. परंतु याच सह्याद्रीतील पशुपक्षी, बेडूक, वनस्पती व नद्या यांवर काल-परवा लिहिलेले अनेक शोधनिबंध उघडू जावे, तो विलायती प्रकाशकाची पाटी आडवी येते: एका निबंधास तीस-चाळीस डॉलर! म्हणजे सुमारे तीन हजार रुपये झाले. जुने ज्ञान मोकळे आणि नवे ज्ञान कुलपात, असा हा उफराटा न्याय आहे.

हा माल कोणाचा, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. संशोधकाचा पगार बहुधा सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून होतो. त्याची प्रयोगशाळा, त्याचा प्रवासखर्च यांचीही वाट तीच. निबंध लिहिल्यावर प्रकाशक त्यास सामान्यतः छदामही देत नाही. निबंधाची पारख दुसरे विद्वान करतात, तीही बहुतेक वेळा विनामूल्य. उरते ती संपादनाची व्यवस्था, मांडणी व वितरण. या कामास खर्च येतो हे आम्ही नाकारीत नाही. परंतु एल्सेव्हियरसारख्या कंपनीच्या शास्त्रीय विभागाचा नफा उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक असतो, तेव्हा खर्चाची सबब कोणी सांगू नये. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आणि 'वाचकास फुकट हवे असेल तर लेखकानेच पैसे भरावे' असा नवा मार्गही या मंडळींनी काढला आहे. 'नेचर' या पत्रिकेने 2020 मध्ये त्यासाठी एका निबंधास 9,500 युरो असा आकडा जाहीर केला. आमच्या भागातील एखाद्या प्राध्यापकाने तो कोठून आणावा?

केंद्र सरकारने यावर उपाय योजला नाही असे नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके आणि 6,300 हून अधिक सरकारी संस्था असा तिचा व्याप आहे. ज्या सरकारी महाविद्यालयात पूर्वी एकही मोठी पत्रिका येत नव्हती, तेथील विद्यार्थ्यास आज ती दिसते. या लाभाबद्दल सरकारचे अभिनंदन करण्यात आम्ही कृपणता करणार नाही.

तथापि ही योजना भिंत पाडीत नाही. भिंतीतून आत जाण्याचे पास विकत घेऊन वाटते. पहिल्या टप्प्यात पास मिळाला तो सरकारी संस्थांस. खासगी महाविद्यालय, खेड्यातील माध्यमिक शाळेचा शिक्षक, वकील, वार्ताहर आणि रानात राहणारा शेतकरी हे सारे बाहेरच उभे आहेत. पैसे संपले की भिंत पुन्हा आहे तेथेच. चोरवाटेने आत जाणाऱ्यांचे तर आता तेही दार लागले: प्रकाशकांनी डिसेंबर 2020 मध्ये दाखल केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये 'साय-हब' हे संकेतस्थळ रोखण्याचा आदेश दिला. कायदा मोडा, असे आम्ही कोणास सांगणार नाही. आमचे म्हणणे कायदा बदला असे आहे.

कारण सारे मर्म लेखकाच्या सहीत आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनावरील पहिला हक्क सामान्यतः लेखकाचा असतो. तो लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो, आणि करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. परंतु प्रकाशकांचे छापील करारपत्र बहुधा पुरी मुदत मागते, म्हणजे लेखकाच्या हयातीनंतरचीही साठ वर्षे! बढतीच्या काळजीने घाईत असलेला तरुण विद्वान त्यावर न वाचताच सही ठोकतो, आणि मग आपलाच निबंध आपल्या संकेतस्थळावर ठेवण्यास त्यास परवानगी लागते. जर्मनीने 2014 पासून कायद्यानेच ठरविले की, किमान निम्म्या सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा स्वीकृत मसुदा, करार काहीही म्हणो, बारा महिन्यांनंतर लेखकास मोकळा करता येईल. भारताच्या कायद्यात असे कलम नाही. ते हवे, आणि ते करारानेही काढून घेता येऊ नये.

सीमाभागाने या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. आपल्या जमिनीचा उतारा व सरकारची परिपत्रके आपल्या भाषेत मिळावीत म्हणून जी जनता पिढ्यान् पिढ्या झगडते आहे, तिला न वाचता येणाऱ्या कागदाची किंमत सांगावी लागत नाही. भीमगड 2011 मध्ये अभयारण्य झाले. तळेवाडीच्या कुटुंबांना भरपाई देऊन बाहेर हलविण्याचा कार्यक्रम 2025 मध्ये सुरू झाला. कळसा-भांडुराचे पाणी वळवावे की नाही, हा वाद म्हादई लवादाच्या 2018 च्या निवाड्यानंतरही चालूच आहे. या प्रत्येक प्रश्नात 'शास्त्रीय अभ्यास' पुढे केला जातो. मात्र ज्याचे घर उठते आणि ज्याच्या ओढ्याचे पाणी वळते, त्याने तो अभ्यास पैसे मोजून वाचावा, किंवा वाचूच नये! वटवाघळाची गुहा राखली पाहिजे याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु ती कोणत्या आधारावर राखली जाते, हे गुहेच्या शेजाऱ्यास तपासता आलेच पाहिजे.

कायदा होईल तेव्हा होवो. तोवर या रानात अभ्यासास येणाऱ्या विद्वानांस आमची विनंती आहे. करारावर सही करण्यापूर्वी मसुदा मोकळा ठेवण्याचा हक्क त्यांनी लेखी राखून घ्यावा. पुष्कळ प्रकाशक, मुदत घालून का होईना, तशी मुभा देतात. आणि त्या मसुद्याची एक प्रत जांबोटीच्या शाळेकडे धाडावी. तिच्या पहिल्या पानावर निष्कर्षांचा सारांश मराठीत असला, तर तळेवाडीचा माणूस तो स्वतः वाचील.