टीसी कपाटात, पोरगा दारात

काल दुपारी पाथर्डी तालुक्यातला एक पोरगा वडिलांना घेऊन आला. वडील दारातच म्हणाले, "साहेब, बातमी नको. तेवढा टीसी मिळवून द्या."

पोराला बारावीला 47 टक्के. आता हे 47 कसे पडले ते बघा. आई-बाप ऊसतोडीला. दिवाळी झाली की कोयता घेऊन निघायचं, ते मार्च-एप्रिललाच परत. बारावीचे पेपर फेब्रुवारीत. म्हणजे ऐन अभ्यासाच्या दिवसांत हा घरी एकटा: म्हातारी आजी, धाकटी बहीण आणि दोन शेळ्या. पाथर्डी-शेवगावकडच्या मास्तरांना विचारा, दर वर्षी वर्गात असे किती असतात.

47 टक्क्यांना शहरातल्या नावाच्या कॉलेजात बीएस्सीला कोण उभं करतं? मिळालं तिथे, विनाअनुदानित तुकडीत नाव घातलं. आणि एफवायला पोरगा वर्गात पहिला आला. आता नगरच्या एका कॉलेजात एसवायला जागा आहे, तिथे बारावी कुणी विचारत नाही, एफवायचे मार्क बघतात. फक्त टीसी हवा, आठ दिवसांत. जुनं कॉलेज म्हणतं, उरलेल्या दोन वर्षांची फी भरा आणि घेऊन जा. दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कशीटंही त्यांच्याच कपाटात.

मला हे नवीन नाही. 1998 ला बारावीला माझे 45 टक्के. मीही एफवायनंतर कॉलेज बदलायला निघालो होतो. क्लार्कने "उद्या या" म्हणत इतके दिवस फिरवलं की तिकडची मुदत संपली, वर्ष गेलं. नाव लिहीत नाही, तो क्लार्कही आता रिटायर असेल.

पण तेव्हा माझ्या हातात नियम नव्हता, आज आहे. यूजीसीची ऑक्टोबर 2018 ची अधिसूचना स्पष्ट सांगते: ओरिजिनल कागद तपासायचे आणि लगेच परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. फी घ्यायची ती चालू सत्राची किंवा वर्षाची, सगळ्या कोर्सची आगाऊ नाही. मग न शिकवलेल्या दोन वर्षांची फी कसली मागता? चालू वर्षाची बाकी असेल तर ती जरूर घ्या, पावती द्या.

आणखी एक गंमत. 2021 पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. पोरांकडून एबीसी आयडी काढून घेतात ते त्यासाठीच, की एका कॉलेजात मिळवलेले क्रेडिट दुसरीकडे नेता यावेत. क्रेडिट कॉम्प्युटरवरून जाणार आणि कागदाचा टीसी कुलपात!

कॉलेजची अडचण मला कळते. विनाअनुदानित तुकडी पोरांच्या फीवर चालते, त्यातून शिक्षकांचा पगार निघतो. हुशार पोरगं गेलं की निकालही खाली येतो. पण तो खड्डा ऊसतोड कामगाराच्या उचलीतून भरायचा का? आणि खरं सांगू, जे कॉलेज 47 टक्केवाल्याला पहिला काढतं, त्याने ते बोर्डावर लावून मिरवावं. पुढच्या वर्षी दहा पोरं जास्त येतील.

डिप्लोमाकडे बघा. दहावीला 35 टक्के असले तरी पॉलिटेक्निकचा फॉर्म भरता येतो. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, डिप्लोमाच्या मार्कांवर. मागचं मागे ठेवून पुढे जायची वाट शासनानेच केलीय. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या पोरांनीच काय घोडं मारलंय?

पालकांनो, ज्यांची पोरं कॉलेज बदलणार आहेत त्यांनी टीसीचा अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. नगर, नाशिक, पुणे या तिन्ही जिल्ह्यांत विद्यापीठ एकच, सावित्रीबाई फुले पुणे. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या कॉलेजात जाताना मायग्रेशन लागत नाही, कुणी मागितलं तर कोणत्या नियमाने ते लिहून मागा. नवीन कॉलेज स्वायत्त असेल तर विषय जुळतात का ते आधी विचारा, नाहीतर तिथे अडकाल.

या पोराचा अर्ज काल रात्रीच लिहून दिला, सोबत 2018 च्या अधिसूचनेची झेरॉक्स. सोमवारी अकरा वाजता मी त्यांच्याबरोबर प्राचार्यांकडे जातोय. काय झालं ते इथेच लिहीन. तुमच्याकडे कुणाचा टीसी अडकला असेल तर इनबॉक्समध्ये तालुका आणि वर्ष कळवा, नाव छापणार नाही.