कोंबडीच्या पोटातला जंत आणि तारखेचं भाडं



पट्ट्याच्या लढाईच्या पत्रकात कोंबडीचं काय काम, असं कोणी म्हणेल. मग सांगा, दाव्याच्या तारखेला रोहिणखेडाहून बुलढाण्याला जायचं भाडं अन् झेरॉक्सचे पैसे येतात कुठून? बाईच्या खुराड्यातून. वनहक्क कायदा 2006 चा. तेव्हापासून कागदापायी किती कोंबड्या बाजारात गेल्या, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

तीच कोंबडी पावसाळ्यात सुकते. दाणा खाते तरी छातीचं हाड वर येतं, तुरा फिका पडतो, अंडी बंद. आपण म्हणतो नजर लागली, अन् व्यापारी देईल त्या भावात देऊन टाकतो. माझं म्हणणं, आधी पोट पाहा. कोंबडी कापली की आतडं उभं चिरा. शेवयांसारखे पांढरे दिसले तर गोल जंत. फितीसारखे, तुकड्यातुकड्यांचे असले तर पट्टकृमी.

गोल जंताची अंडी विष्ठेतून पडतात, ओल्या मातीत दोन-तीन आठवड्यांत तयार होतात अन् महिनोन्‌महिने टिकतात. कोंबडी तिथंच टोचते. तीन महिन्यांच्या आतली पिलं यानंच जास्त खंगतात. पट्टकृमी किडे, मुंग्या, माश्या खाल्ल्यानं होतो. कडक ऊन अन् कोरडी जागा जंताच्या अंड्याला सोसत नाही. म्हणून डालगं रोज उन्हात टाका, खुराडं झाडून कोरडं ठेवा, पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, पिलं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी चारा.

औषधाचं म्हणाल तर पिपराझिन पाण्यातून देतात, पण ते गोल जंतावरच चालतं. पट्टकृमीला दुसरं लागतं, म्हणून जंत कागदात गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात दाखवा. मात्रा वजनावर असते. बैलाच्या बाटलीतलं अंदाजानं पाजू नका. अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तिथंच विचारा. पळसपापडी आपल्या म्हाताऱ्यांची जुनी, तिला मी हसत नाही. पण चिमटीच्या मापानं लहान पिलं दगावतील.

अन् एकट्या घरानं पाजून भागत नाही. कोंबडी काही बांध मानत नाही, शेजारच्या उकिरड्यावर जाऊन परत जंत घेऊन येते. अख्ख्या वस्तीनं एकाच दिवशी पाजावं, पावसाळ्याआधी अन् पावसाळ्यानंतर. मानमोडीची लस त्यानंतर आठवडाभरानं टोचून घ्यावी. डॉक्टरानं वस्तीवर यावं, असा ठराव येत्या ग्रामसभेत बायांनी मांडावा. घरटी किती कोंबड्या, ती यादी आधीच करून न्या.