अडुसष्टाव्या वर्षी बूगी-वूगी

साठी ओलांडली की माणसाचे कान म्हातारे होतात म्हणतात. खरं तर नव्या गाण्याला दार उघडायची तयारी त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते. ‘आमच्या वेळची गाणी’ हे शब्द चाळिशीतच तोंडात बसतात. पीट मॉन्द्रियान या डच चित्रकाराला मात्र हे कुणी सांगितलं नसावं. लंडनवर बॉम्ब पडत असताना तिथून निघून तो ऑक्टोबर १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा त्याचं वय अडुसष्ट होतं. त्याला बोलावून घेणाऱ्या हॅरी हॉल्ट्झमन या तरुण चित्रकारानं पहिल्याच रात्री त्याला काही रेकॉर्डी ऐकवल्या. पियानोवरचं बूगी-वूगी. म्हातारा हरखून गेला आणि त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे तीन-सव्वातीन वर्षं, त्या संगीतानं त्याची खोली सोडली नाही.

मॉन्द्रियान म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या पांढऱ्या कॅनव्हासवरच्या काळ्या आडव्या-उभ्या रेघा आणि कोपऱ्यात एखादा लाल किंवा निळा चौकोन. इतकं शिस्तीचं चित्र काढणारा माणूस घरात घड्याळाच्या टिकटिकीशिवाय दुसरं काही ऐकत असेल असं वाटत नाही. प्रत्यक्षात त्याला नाचायचं वेड होतं. पॅरिसमधल्या त्याच्या स्टुडिओत ग्रामोफोन होता आणि तोही त्यानं लाल रंगवून टाकला होता. फॉक्सट्रॉट शिकायला त्यानं शिकवणी लावली होती. हॉलंडमध्ये चार्ल्स्टन नाचावर बंदी येण्याची चिन्हं दिसली, तेव्हा तसं झालं तर मी मायदेशी परतणार नाही, असं त्यानं १९२६ साली एका मुलाखतीत सांगून टाकलं. पुढच्याच वर्षी जॅझ आणि आपली चित्रकला यांच्या नात्यावर त्यानं एक निबंध लिहिला. दोन चित्रांना तर ‘फॉक्सट्रॉट’ हेच नाव दिलं, पण त्यांतही काळ्या रेघा जागच्या जागीच होत्या. जॅझ त्याला आवडत होतं, चित्राला अजून ते कळलं नव्हतं.

बूगी-वूगीनं तिथे हात घातला. या संगीतात पियानोवाल्याचा डावा हात एकच छोटा ठेका एका मात्रेला दोन ठोके अशा चालीनं न थकता फिरवत राहतो. तबल्याच्या सोलोतला लेहराच जणू. त्याच्यावर उजवा हात तुकडे फेकतो, मोडतो, अडखळवतो, पुन्हा जोडतो. लांबलचक चाल अशी नसतेच, आणि मॉन्द्रियानला नेमकं तेच हवं होतं. नाचताना बँड गोडगोड चालीकडे वळला की तो जोडीदारणीला घेऊन सरळ खुर्चीवर जाऊन बसायचा, अशी एक आठवण सांगतात. निसर्गाचं हुबेहूब रूप चित्रातून काढून टाकणं आणि संगीतातून चाल काढून टाकणं, ही दोन्ही कामं त्याच्या लेखी एकच होती.

हे संगीत तेव्हा न्यूयॉर्कलाही तसं ताजंच होतं. अल्बर्ट अ‍ॅमन्स, मीड लक्स लुइस आणि पीट जॉन्सन हे तीन कृष्णवर्णीय पियानोवादक डिसेंबर १९३८ मध्ये कार्नेगी हॉलच्या एका मैफलीत वाजवून गेले आणि शहरात त्याची लाटच आली. ती मैफल ऐकून आल्फ्रेड लायन नावाच्या जर्मन निर्वासितानं दोनच आठवड्यांत अ‍ॅमन्स आणि लुइस यांचं ध्वनिमुद्रण केलं. ब्लू नोट या पुढे दंतकथा बनलेल्या कंपनीचा जन्म तिथला, जानेवारी १९३९ चा.

मग मॉन्द्रियानच्या चित्रात काय झालं? वीस वर्षं ठाण मांडून बसलेली काळी रेघ गेली. आधी तिच्या जागी रंगीत कागदी पट्ट्या आल्या. त्या चिकटवायच्या, मागे सरकून बघायचं, सोलून काढायच्या, दोन बोटं बाजूला पुन्हा लावायच्या. युरोपातून आणलेली, तिथेच सुरू केलेली जुनी चित्रंही त्यानं काढली आणि त्यांत काळ्या रेघांचं कुंपण नसलेले रंगाचे छोटे तुकडे टाकले. म्हणून त्या चित्रांखाली दोन-दोन सालं दिसतात. शेवटी १९४२-४३ मध्ये ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ आलं. त्यात पिवळे पट्टे आहेत आणि त्यांच्यावर लाल, निळ्या, राखाडी चौकटींचे ठोके पडत जातात. नजर एका जागी ठरत नाही. ते चित्र मारिया मार्टिन्स या ब्राझिलियन शिल्पकार बाईंनी विकत घेतलं आणि स्वतःचं नाव न लावता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाला देऊन टाकलं. त्यानंतरचं ‘व्हिक्टरी बूगी-वूगी’ पुरं झालंच नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये न्यूमोनियानं तो गेला, तेव्हा पट्ट्यांचे तुकडे कॅनव्हासवर तसेच होते. १९९८ साली हॉलंडनं ते अर्धवट चित्र आठ कोटी गिल्डरना घेतलं आणि एवढा पैसा चिकटपट्ट्यांवर का, म्हणून देशभर भांडण झालं.

चित्रकार गाणं ऐकत काम करतात ही काही बातमी नाही. जे.जे.च्या वर्गापासून गल्लीतल्या साइनबोर्डवाल्यापर्यंत सगळीकडे काहीतरी वाजत असतंच. उत्तम संगीत ऐकत काढलेली टुकार चित्रंही जगात ढीगभर आहेत. तेव्हा रेकॉर्ड लावली आणि चित्र सुचलं, असा हिशेब मांडणं भाबडेपणाचं आहे. आपल्याकडे तर कानाशिवायही हे काम झालेलं आहे. रागमाला रंगवणाऱ्या चितारीसमोर गवई असायलाच हवा असं नव्हतं. रागाचं रूप सांगणारा ध्यानश्लोक असला की भागायचं. मॉन्द्रियाननं बूगी-वूगीतून विरहाची नायिका किंवा पावसाळी रात्र घेतली नाही, बांधणी घेतली. मन:स्थिती उसनी घेणारे पुष्कळ असतात, बांधणी उचलायला मात्र कान वेगळे लागतात.

जॅक्सन पोलॉकच्या बाबतीत समीक्षकांनीच घोटाळा करून ठेवला आहे. त्याच्या उडवलेल्या-सांडलेल्या रंगांची जोडी बहुतेक जण बीबॉप नाहीतर फ्री जॅझशी लावतात. ऑर्नेट कोलमनच्या ‘फ्री जॅझ’ या अल्बमच्या वेष्टणावर पोलॉकचं ‘व्हाइट लाइट’ हे चित्र आहे, म्हणून ती गाठ पक्की झाली. पण तो अल्बम डिसेंबर १९६० मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि पोलॉक १९५६ च्या ऑगस्टमध्येच मोटार अपघातात गेला होता. त्याच्या घरच्या रेकॉर्डींत आर्मस्ट्राँग, एलिंग्टन, फॅट्स वॉलर, बिली हॉलिडे अशी, म्हणजे त्याच्या काळातही थोडी जुनी वाटणारी मंडळी होती. त्याची बायको, चित्रकार ली क्रॅस्नर हिनं सांगून ठेवलं आहे की तो सलग तीन-तीन दिवस रात्रंदिवस त्याच रेकॉर्डी वाजवायचा, इतक्या की घर डोक्यावर पडेल असं वाटावं. ग्रामोफोन घरात आणि रंगकाम मागच्या गोठेवजा कोठारात, जिथे बरीच वर्षं धड वीजही नव्हती. म्हणजे आधी पोटभर ऐकायचं आणि मग शांततेत जाऊन रंगवायचं. ‘चित्र काढताना काय ऐकता?’ असं हल्ली प्रत्येक मुलाखतीत विचारतात. पोलॉकला ते चुकीच्या खोलीत विचारावं लागलं असतं.

रेकॉर्डचा आणखी एक गुण होता, तो ती गेल्यावर लक्षात आला. ती संपायची. दहा इंची ७८ ची बाजू तीन मिनिटांत, बारा इंची सव्वाचार-साडेचार मिनिटांत. उठा, सुई उचला, तबकडी उलटा. हात रंगानं बरबटलेले असले तर आधी ते पुसा. परत येताना चित्र लांबून दिसायचं आणि लांबून बघणं हे चित्रकाराचं निम्मं काम असतं. जून १९४८ मध्ये कोलंबियानं लाँग-प्लेइंग रेकॉर्ड आणली आणि ही सक्तीची सुटी वीस-बावीस मिनिटांवर गेली. त्याचा फायदा आपल्या गाण्याला भलताच झाला. ७८ च्या जमान्यात ख्याल तीन मिनिटांत कोंबावा लागे. किशोरी आमोणकरांचा भूप एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री, ही एलपी ज्यांनी झिजेपर्यंत वाजवली त्यांना ती वीस मिनिटं किती पुरतात ते ठाऊक आहे. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ तर काश्मिरातल्या मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवसच दोन बाजूंत बसवतं. कामाच्या टेबलाशी बसणाऱ्यांचा हा आवडता अल्बम आजही आहे, आणि शब्द नसणं हे त्याचं एक कारण असावं. अक्षरलेखन किंवा बारीक आखणी चालू असताना शब्दांचं गाणं हाताला आडवं येतं, असं सांगणारे कलाकार बरेच भेटतात. नुसता रंग भरायची वेळ आली की मग लता चालते, आशा चालते, क्रिकेटची कॉमेंट्रीही चालते.

मुंबईत तर एका छपराखाली हा सगळा शेजार नांदत होता. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये वासुदेव गायतोंडे, हुसेन यांचे स्टुडिओ होते, अल्काझींच्या नाटकाच्या तालमी होत्या आणि पुढे रविशंकरांची ‘किन्नर’ ही संस्थाही तिथे आली. गायतोंडे कुळानं गोव्याचे, जन्मानं नागपूरचे आणि वाढले गिरगावात. भारतीय आणि पाश्चात्त्य, दोन्ही अभिजात संगीतांचे ते शौकीन होते. रोलर आणि पॅलेट नाइफनं थरावर थर चढवायचे, खरवडायचे, वाट बघायची, अशा त्यांच्या पद्धतीत वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे होत. उरलेला वेळ ते काय करत होते, याचं निम्मं उत्तर ऐकत होते असं द्यायला हरकत नाही. त्यांच्या चित्राला कुठल्याही रागाचं नाव नाही, आणि ते बरंच झालं.

जाँ-मिशेल बास्कियाचं सगळंच उलट. त्याच्या स्टुडिओत टीव्ही, टेप, रेकॉर्ड सगळं एकदम चालू असायचं आणि कानावर पडेल ते कॅनव्हासवर लिहिलं जायचं. हजारो रेकॉर्डी त्याच्याकडे होत्या, पण देव एकच, चार्ली पार्कर. ‘डिस्कोग्राफी वन’ या १९८३ च्या चित्रात काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत त्यानं दुसरं काही केलं नाही, तर २६ नोव्हेंबर १९४५ च्या पार्करच्या ध्वनिमुद्रणाची नोंद उतरवून काढली: कोण काय वाजवत होतं, कुठल्या चीजा झाल्या. रेकॉर्डच्या पाठीवरचा हा मजकूर आपण चहा पिता पिता वाचतो. त्यानं त्याचं स्तोत्र केलं. दोन वर्षांनी साडेसात फूट व्यासाची प्लायवूडची काळी तबकडी करून तिच्यावर त्याच दिवशीच्या एका चीजेचं नाव टाकलं. त्या ध्वनिमुद्रणात ड्रम वाजवले होते मॅक्स रोचनं. बास्कियाचा मित्र फॅब फाइव्ह फ्रेडी हा या रोचचा धर्मपुत्र. म्हणजे पंचेचाळीस सालचा नाद ब्रुकलिनच्या या पोरापर्यंत आला त्यात घरच्या ओळखीचाही वाटा होता.

हॉल्ट्झमन, फ्रेडी. दर वेळी मध्ये कुणीतरी हाताला धरून नेणारं दिसतं. आज हे काम यंत्र करतं. एक गाणं संपायच्या आत त्याच्यासारखंच दुसरं लावतं, आणि अडचण ‘त्याच्यासारखंच’ या शब्दात आहे. फॉक्सट्रॉट ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला त्यानं मरेपर्यंत फॉक्सट्रॉटच ऐकवला असता.

स्टुअर्ट डेव्हिस या अमेरिकन चित्रकारानं तर ही जबाबदारी अंगावरच घेतली होती. पोरवयात नेवार्कच्या गुत्त्यांत जाऊन कृष्णवर्णीय पियानोवादकांना ऐकणारा हा माणूस, ‘स्विंग लँडस्केप’चा कर्ता. तरुण रोमेर बेअर्डन त्याच्याकडे चित्रं घेऊन यायचा, तेव्हा डेव्हिस त्याला अर्ल हाइन्सचा पियानो ऐकायला सांगायचा, आणि तोही सूर सोडून दोन सुरांमधल्या जागा ऐकायला. बेअर्डन हार्लेममध्ये वाढला होता, हाइन्स त्याला नवा नव्हता. तरी त्यानं त्या रेकॉर्डी पुन्हा लावल्या, चाल कानाआड होऊन नुसत्या मोकळ्या जागा ऐकू येईपर्यंत लावल्या. ऐकता ऐकता कागदावर रेघा मारत बसायचा. त्याच्या पुढच्या कोलाजांत माणसांच्या दोन कापलेल्या आकृत्यांमध्ये जी फट राहते, ती मुद्दाम मोजून ठेवलेली आहे हे मग कळतं.

डेव्हिसला साठाव्या वर्षी, १९५२ मध्ये, मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं जॉर्ज अर्ल. अर्ल हाइन्सवरून आणि जॉर्ज ड्रमर जॉर्ज वेटलिंगवरून. हा वेटलिंग एडी काँडनच्या टोळीत ड्रम वाजवायचा आणि फावल्या वेळात डेव्हिसकडे चित्रकला शिकायचा. त्याची चित्रं अगदी गुरूच्या वळणाची आहेत.