पूल, गज आणि तंबोरा

पुलांच्या कंपनांचा विषय कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात का घ्यावा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. तो विषय अभियंत्यांचा. आपण कविता आणि इतिहास सांभाळावा, अशी वाटणी आपल्याकडे फार पूर्वीच होऊन गेली आहे. ही वाटणी आपल्या नुकसानीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मांडण्यासाठी मी पुलांचीच साक्ष काढणार आहे.

अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पुलाची गोष्ट पुष्कळांच्या कानांवर आलेली असेल. हा झुलता पूल 1 जुलै 1940 रोजी खुला झाला. त्याचा मधला गाळा 2,800 फुटांचा, आणि त्याला ताठपणा देणाऱ्या कडेच्या पोलादी तुळया अवघ्या 8 फूट उंचीच्या. बेताच्या वाऱ्यातही तो लाटेसारखा वर-खाली होई. लोकांनी त्याला ‘गॅलपिंग गर्टी’, म्हणजे ‘दौडणारी गर्टी’, असे नाव ठेवले आणि मौजेखातर त्यावरून मोटारी नेल्या. चार महिने हा खेळ चालला. 7 नोव्हेंबरच्या सकाळी, ताशी सुमारे 42 मैलांच्या वाऱ्यात, पूल वर-खाली होता होता एकाएकी पीळ घेऊ लागला आणि अकराच्या सुमारास मधला गाळा पाण्यात कोसळला. मनुष्यहानी झाली नाही. मोटारीत राहिलेला एक कुत्रा मात्र गेला.

‘अनुस्पंदनामुळे पूल पडला’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे छापले गेले. अनुस्पंदन म्हणजे झोपाळ्याला त्याच्याच लयीत ढकलत राहणे. पण त्या सकाळी वारा त्या लयीत ढकलत नव्हता. पुलामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची लय सेकंदाला सुमारे एक, तर पुलाचा पीळ पाच सेकंदांना एक. लयच जुळत नसेल, तर अनुस्पंदन कसले? बिल्लाह आणि स्कॅनलन या दोघा अभ्यासकांनी 1991 साली हा मुद्दा नि:संदिग्धपणे मांडला.

खरा प्रकार सारंगीच्या गजासारखा होता. गज तारेला ठोके देत नाही. तो एकसारखा ओढला जातो. तरीही तार कंप पावते, कारण गजाकडून केव्हा आणि किती जोर घ्यायचा, हे तारेची स्वतःची हालचाल ठरवते. पूल पिळला की त्यावरचा वाऱ्याचा रेटा बदले आणि तो बदललेला रेटा पुन्हा पीळ वाढवी. वाऱ्याच्या एका वेगापर्यंत पुलाचे अवमंदन, म्हणजे कंपन जिरवण्याची अंगची शक्ती, पुरी पडते. तो उंबरठा ओलांडला की पुढचा झोका मागच्याहून मोठा. कारण दुप्पट तर परिणाम दुप्पट, हे त्रैराशिक तेथे लागू पडत नाही. असे प्रमाण सोडून वागणाऱ्या गतीला शास्त्रात अरेषीय म्हणतात.

वाऱ्याची जागा माणसेही घेऊ शकतात. लंडनचा मिलेनियम पादचारी पूल 10 जून 2000 रोजी उघडला आणि गर्दीखाली आडवा डोलू लागला. दोन दिवसांत तो बंद करावा लागला. पुढे त्यावर थोडी थोडी माणसे वाढवून चाचणी घेतली, तेव्हा दीडशेपर्यंत विशेष काही घडेना. आणखी दहा-पंधरा माणसे वाढताच डोलणे झपाट्याने वाढले. कंपन शोषणारी साधने बसवून 2002 साली तो पुन्हा खुला झाला. सर्वांची पावले एका तालात पडल्यामुळे हे घडले, असे आधी सांगितले जाई. ताल जुळला नाही तरी, तोल सावरणारा प्रत्येक जण पुलाला नकळत थोडी थोडी गती देतो आणि तेवढे पुरते, असे 2021 सालच्या संशोधनाने दाखवले.

मित्रहो, ‘काल शंभर माणसे पेलली, मग आज दहा जास्त झाली म्हणून काय बिघडले?’ हा प्रश्न आपण किती सहज विचारतो! 15 जून 2025 रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसह कोसळला व चार जणांचे प्राण गेले. ती गोष्ट जीर्ण पुलाची आणि गर्दीची, कंपनाची नव्हे. पण कालच्या सुखरूपतेवरून आजचा भरवसा धरणे दोन्हीकडे सारखेच घातक आहे.

प्रमाण सुटले की नाशच होतो, असेही नाही. तंबोऱ्याची तार रुंद, किंचित उताराच्या घोडीवर टेकते आणि कंप पावताना तिला स्पर्श करीत राहते. जवारी लावणारा कारागीर दोरा सरकवून नेमका हा स्पर्श साधतो. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे निश्चल राहणारे वरचे स्वर ऐकू येता कामा नयेत, असा जुना नियम. आपल्या तंबोऱ्यात आणि वीणेत ते स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली दाखवून दिले. घोडीचा हा अरेषीय स्पर्श काढून घेतला, तर मैफलीतला तो भरलेला, झंकारणारा नाद उरणार नाही.

1857 चा उठाव केवळ काडतुसांमुळे झाला, असे लिहिणाऱ्याला आमचे इतिहासाचे प्राध्यापक गुण देत नाहीत. ठिणगी आणि कारण यांतला फरक ते आम्हांला शिकवतात. ‘वाऱ्याने पूल पडला’ हे उत्तरही त्याच तोडीचे आहे. म्हणजे ज्या विवेकाचा सराव आपण रोज करतो, तोच पलीकडच्या प्रयोगशाळेत गणिताच्या भाषेत चालू असतो. दुसऱ्या शाखेचे विषय शिकण्यास 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वाव दिला आहेच. तेव्हा माझी सूचना साधी आहे: पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी वर्षातून चार व्याख्याने आमच्यासाठी द्यावीत, आणि त्यांतले एक तंबोरा समोर ठेवून द्यावे. उद्या नगरपालिकेत, वर्तमानपत्रात आणि यात्रेच्या बंदोबस्तात आपल्यापैकीच कोणीतरी असणार आहे. ‘आजवर काही झाले नाही’ हे उत्तर पुरेसे नाही, एवढे तरी त्याला ठाऊक असले पाहिजे.