बाप्तिस्म्यावांचून गेलेलीं मुलें

मराठी ख्रिस्ती बांधवांच्या बोलण्यांत 'तारण' हा शब्द वारंवार येतो. आपणांपैकीं पुष्कळांस तो सावकारी व्यवहारांतला म्हणूनच परिचित असल्यामुळें क्षणभर चुकल्यासारखें होतें. परंतु तेथें त्याचा अर्थ बुडणाऱ्यास वर काढून तीरास लावणें असा आहे. आतां बुडणाऱ्यानें स्वतः हातपाय मारावयाचे कीं नाहींत, हा प्रश्न ओघानेंच आला, आणि त्यावर ख्रिस्ती पंडितांनीं सोळाशें वर्षें वाद घातला. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांचे मर्कटन्याय आणि मार्जारन्याय हे दोन पक्ष वाचकांस ठाऊक असतीलच. माकडिणीचें पिलूं आईस घट्ट बिलगून असतें. मांजरीचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्यास तोंडांत धरून नेते. ख्रिस्ती वादाचा गाभा फारसा निराळा नाहीं. परंतु त्यांत एक गोष्ट अशी निघाली कीं, तिच्या योगानें तो वाद धर्मसभेंतून उठून थेट बाळंतिणीच्या खोलींत शिरला. आज आम्ही तिच्याविषयींच लिहिणार आहों.

पांचव्या शतकाच्या आरंभीं पेलाजियस नांवाचा मूळचा ब्रिटनकडील एक तपस्वी रोमांत राहत असे. त्याचें म्हणणें सरळ होतें. ईश्वर आज्ञा करतो त्याअर्थीं ती पाळण्याचें सामर्थ्य मनुष्यास दिलेलें असलेंच पाहिजे. आदामाचें पाप आदामाबरोबर गेलें, नवजात अर्भक निष्पाप होय. आफ्रिकेंतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन यास हें मुळींच मान्य नव्हतें. सारी मनुष्यजाति आदामाच्या पापांत गुंतलेली आहे व ईश्वरी कृपेवांचून कोणाचाहि उद्धार नाहीं, असें त्याचें मत. चर्चमध्यें तान्ह्या मुलांसहि पापक्षालनार्थ बाप्तिस्मा देतात, मग क्षालन करावयाचें तें कोणतें, असा त्याचा बिनतोड सवाल होता. पण हाच सवाल पुढें नेला कीं बाप्तिस्म्यापूर्वीं मेलेलें मूल दंडास पात्र ठरतें. ऑगस्टीननें तेंहि मान्य केलें. मात्र तो दंड सर्वांत सौम्य असेल असें म्हटलें. 418 सालीं कार्थेज येथील धर्मसभेनें पेलाजियसच्या मताचा निषेध केला, आणि वाद ऑगस्टीननें जिंकला.

आम्हांस ऑगस्टीन निष्ठुर वाटत नाहीं. 415 सालीं जेरोम या विद्वानास लिहिलेल्या पत्रांत, मुलांच्या दंडाचा विचार आला कीं आपण मोठ्या संकटांत पडतों, हें त्यानेंच कबूल केलें आहे. तर्कानें ज्या दाराशीं नेलें तेथून तो परतला नाहीं, एवढेंच. मोठ्या बुद्धीच्या माणसांस हा धोका नेहमींच असतो.

मध्ययुगांतील पंडितांनीं त्यावर एक तोड काढली. अशा मुलांसाठीं 'लिंबो' म्हणून एक निराळें स्थान कल्पिलें, जेथें यातना नाहींत, पण ईश्वरदर्शनहि नाहीं. आपण काय गमावलें हें त्या मुलांस ठाऊकच नसल्यामुळें त्यांस दुःख होत नाहीं, असें टॉमस अक्वायनस यानें समजावून सांगितलें. मुलांचें समाधान झालें असेल, आयांचें काय? पवित्र केलेल्या स्मशानभूमींत अशा मुलांस जागा मिळत नसे. प्रसंगीं सुइणीनेंहि अर्भकाच्या मस्तकावर पाणी घालून बाप्तिस्मा द्यावा, अशी मोकळीक चर्चनें दिली होती. परंतु मूल मृतच जन्मलें तर सुईणहि काय करणार?

स्वित्झर्लंडांत बर्न प्रांतीं ओबरब्यूरेन येथें पंधराव्या शतकांत मेरीमातेचें एक स्थान प्रसिद्धीस आलें. मृत जन्मलेलीं अर्भकें तेथें दूरदूरहून आणीत. जळते निखारे व मेणबत्त्या यांच्यामध्यें तीं ठेवून त्यांस ऊब देत, आणि ओठांवर एक हलकें पीस ठेवीत. उष्ण हवेनें पीस हाललें कीं श्वास आला असें मानून तत्काळ बाप्तिस्मा देत, आणि मग मूल रीतसर पुरीत. कॉन्स्टान्सच्या बिशपानें 1486 सालीं रोमला तक्रार केली कीं दोन हजारांहून अधिक मुलें येथें अशीं आणलीं गेलीं. 1528 सालीं बर्ननें सुधारणापंथ स्वीकारला व हें स्थान मोडलें. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तेथें उत्खनन झालें तेव्हां सुमारें अडीचशें अर्भकांचीं हाडें सांपडलीं. कित्येक तर पुऱ्या दिवसांचींहि नव्हतीं. या प्रकारास भोळेपणा म्हणावयास आमची लेखणी धजत नाहीं. मेलेलें मूल कापडांत गुंडाळून डोंगरवाटेनें चालत निघालेला बाप धर्मशास्त्राशीं वाद घालीत नव्हता. त्यांतूनच एक फट शोधीत होता.

मार्टिन लूथर यानें 1542 सालीं, ज्यांचीं मुलें जन्मतांच किंवा पोटांतच गेलीं अशा स्त्रियांसाठीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. आईच्या मनांतली न बोललेली तळमळ ईश्वर प्रार्थना म्हणूनच ऐकतो, असें त्यानें त्यांत सांगितलें. त्याच वर्षीं त्याची स्वतःची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना वारली. कॅल्व्हिनपंथीयांनीं ईश्वराची निवड आधींच झालेली आहे हें मत अधिकच कठोर केलें. तथापि हॉलंडांतील डॉर्ट येथील 1618–19 च्या सभेनेंहि, धर्मशील आईबापांनीं आपल्या गेलेल्या तान्ह्या मुलांच्या तारणाविषयीं संशय बाळगूं नये, असें आवर्जून नमूद केलें. आणि इतरांच्या मुलांचें काय? तें शब्द न काढतां राहिलें. अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियन मंडळीनें 1903 सालीं, बालपणीं मरणारीं सर्वच मुलें कृपेंत समाविष्ट आहेत, असें एकदांचें जाहीर केलें.

रोमन कॅथलिक चर्चला अधिक काळ लागला. 1992 च्या त्याच्या धर्मबोधांत लिंबोचें नांव नाहीं. अशीं मुलें ईश्वराच्या दयेवर सोंपविलीं आहेत. 2007 सालीं पोपच्या संमतीनें त्याच्या धर्मशास्त्र-समितीनें एक विस्तृत लेख प्रसिद्ध केला. अशा मुलांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ कारणें आहेत, मात्र ही आशा होय, निश्चित ज्ञान नव्हे, असा त्याचा आशय. इतक्या सावध शब्दांस इतकीं शतकें लागावीं याचें कोणास हसूं येईल. आम्हांस येत नाहीं. आपल्याकडेहि दांत येण्यापूर्वीं गेलेल्या मुलास अग्नि देत नाहींत, पुरतात, सुतकहि नांवापुरतेंच. घरांतील वडील माणसें "झालें गेलें विसर" म्हणून दुसऱ्या दिवशीं कामास लागतात, आणि ती बाई वर्षानुवर्षें त्या तिथीस गप्प असते.

आयर्लंडांत अशा मुलांसाठीं शेताच्या बांधावर, समुद्रकांठीं किंवा एखाद्या पडक्या मठाच्या आवारांत निराळ्या जागा असत. त्यांस 'किलीन' म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथें मुलें पुरीत असत, बहुधा अंधारांत, आणि धर्मगुरूवांचून. अलीकडे गांवोगांवच्या लोकांनीं त्या जागा हुडकून काढून तेथें स्मारकें उभारलीं आहेत, आणि धर्मगुरू तेथें येऊन प्रार्थना म्हणतात. खुणेसाठीं रोंवलेल्या जुन्या दगडांवर मात्र सहसा कांहींच कोरलेलें नसतें. नांव बाप्तिस्म्याच्या वेळीं ठेवावयाचें असतें, आणि त्यांचा तो झालाच नव्हता.