स्वस्त गाण्यांना कुंपण कशाला?

शेजारच्या गावी तूरडाळ किलोमागे दहा रुपयांनी स्वस्त मिळते असं कळलं, तर आपण बायका एस.टी.नं जाऊन पिशव्या भरून आणतो. उद्या आपल्या गावातल्या वाण्यांनी एकी करून 'बाहेरची डाळ गावात विकू द्यायची नाही' असं फर्मान काढलं तर? आपण मुळीच ऐकून घेणार नाही! गाण्यांच्या बाबतीत मात्र असं फर्मान खरोखर निघालं, आणि तेही कायद्याच्या शिक्क्यानिशी.

माझी मावसबहीण तेव्हा इंग्लंडमध्ये राहायची. हाँगकाँगची 'सीडी वॉव' नावाची कंपनी इंटरनेटवरून मागणी घेऊन नऊ पौंडांच्या आत घरपोच सीडी पाठवायची. या सीडी नकली नव्हत्या बरं का! रेकॉर्ड कंपन्यांच्या परवानगीनंच निघालेल्या, फक्त आशियातल्या बाजारासाठी काढलेल्या, म्हणून स्वस्त. पण युरोपाबाहेरचा असा माल कंपन्यांच्या संमतीशिवाय तिथे आणून विकता येत नाही, असा तिथला नियम. ब्रिटनमधल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं खटला भरला. जानेवारी २००४ मध्ये तडजोड झाली आणि सीडीमागे दोन पौंड वाढले. पुढे ही तडजोड मोडल्याचं ठरवून २००७ मध्ये न्यायालयानं त्या कंपनीला सुमारे चार कोटी दहा लाख पौंड भरायला लावले. बहीण चिडून म्हणाली, "अगं, चोरीचा माल घेतला असता तर गोष्ट वेगळी. मी तर पैसे मोजून अस्सल माल घेत होते!"

तिचा राग मला पटतो. कंपनीनं जिथे मजुरी कमी तिथे माल काढायचा, तो व्यापार. गिऱ्हाईकानं जिथे भाव कमी तिथून घ्यायचं म्हटलं, की लगेच नियम आडवा! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय?

कंपन्या म्हणतात, गरीब देशात आम्ही मुद्दाम कमी भाव ठेवतो. तोच माल उलटा फिरून श्रीमंत देशात आला, तर तिकडेही स्वस्त देणं परवडणार नाही. हा मुद्दा अगदीच खोटा नाही. कलाकाराच्या पदरात दोन पैसे पडायलाच हवेत. जपाननंही आशियात स्वस्तात निघालेल्या जपानी सीडी परत देशात विकायला १ जानेवारी २००५ पासून बंदी घातली. पण तिथे निदान मुदत तरी ठरवली, चार वर्षांची. आणि ऑस्ट्रेलियानं तर १९९८ मध्येच अस्सल सीडी बाहेरून आणायला मोकळीक दिली. कंपन्यांचा, कलाकारांचा विरोध होता, तरीही. म्हणून काही तिथली गाणी बंद पडली नाहीत!

आपल्याला याचं काय, असं म्हणू नका मैत्रिणींनो. रेकॉर्ड-प्लेअर ही एके काळी बंगल्यातली चीज होती. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या, आखातातून आलेल्या भावा-दिरांनी टू-इन-वन आणले, आणि गाणं आपल्या स्वयंपाकघरात शिरलं. भजनी मंडळातल्या कितीजणी कॅसेट पुन्हा पुन्हा लावून चाली शिकल्या! गाणं कुणाच्या घरी जाणार, हे किंमत ठरवते.

आपल्याकडे २०१० च्या कॉपीराइट दुरुस्ती विधेयकात एक चांगलं कलम होतं. लेखक-कलाकाराच्या परवानगीनं परदेशात निघालेली प्रत इथे आणली, तर ती बेकायदा समजू नये, असं ते सांगत होतं. पुस्तक प्रकाशकांनी जोरदार विरोध केला आणि २०१२ मध्ये कायदा झाला तेव्हा ते कलम गायब! कॉलेजातल्या पोरांची महागडी पुस्तकंही त्यातच आली असती. आपल्याला कुणी विचारलं?

आता सीडी माळ्यावर गेल्या, गाणी मोबाइलवर आली. कुंपण मात्र तसंच आहे. दर महिन्याची वर्गणी देशागणिक वेगळी, आणि परदेशातल्या लेकीला मधूनच दिसतं, 'हे गाणं तुमच्या देशात उपलब्ध नाही.'

आमच्या महिला मंडळात आम्ही २४ डिसेंबरला ग्राहक दिन साजरा करतो. वजन-माप, छापील किंमत, पावती यांवर बोलतो. यापुढे हेही बोलायला हवं, की अस्सल माल पैसे मोजून घेणारं गिऱ्हाईक चोर नसतं. नकली मालाला आळा जरूर घाला, पण कायदा करताना कंपनी आणि कलाकार यांच्या शेजारी एक पाट आपल्यासाठीही मांडा. शेवटी पैसे आपल्याच बटव्यातून जातात ना?